रंग वेगळे, तरी फोटोत साडी-ब्लाऊज एकच का दिसतं?

"ताई, पीस हाच होता ना? मग फोटोत असं काय झालं?"

लग्नसराई सरली, फोटो हातात आले की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं असतं. मी पुण्यात ब्लाऊज शिवते, चोवीस वर्षं झाली. मापाच्या तक्रारी आता फारशा येत नाहीत, पण ही एक तक्रार दर मोसमात ठरलेली. मॅचिंगला पीस साडीवर टाकला तेव्हा झकास दिसला, घरच्या आरशात बरा दिसला आणि फोटोत मात्र गळ्यापासून पायापर्यंत एकच ढेकूळ.

याचं उत्तर मला एका काकांनी शिकवलं, तेही नकळत. त्यांच्या मंडळींनी शेवाळी रंगाची, अगदी बारीक काठाची साडी आणली होती. मी त्यावर विटकरी पीस काढून दिला. हिरव्यावर तांबडा म्हणजे डोळे मिटून काँट्रास्ट, असं तेव्हा मला वाटायचं. काकू खूश. बाकावर बसलेल्या काकांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि म्हणाले, "अगं, त्याच रंगाचा काय घेतेस? जरा वेगळा घे की." काकू मला हळूच म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नका हो. लाल-हिरव्यातलं त्यांना कळत नाही. मोजेसुद्धा मीच जोडी लावून देते." आम्ही दोघी हसलो.

महिन्याभराने काकू पुतणीच्या लग्नाचे फोटो घेऊन आल्या. स्टेजवर आठ-दहा बायकांची रांग. त्यात काकू सापडल्या त्या चश्म्यावरून. ब्लाऊज कुठे संपला आणि पदर कुठे सुरू झाला, काही पत्ता नाही. बाही मी इतकी नीट बसवली होती, तीसुद्धा पदरात बुडालेली. काका बरोबर होते, चूक माझी होती.

लाल आणि हिरवा वेगळा न दिसण्याचा दोष पुरुषांमध्ये जास्त आढळतो, कारण तो एक्स गुणसूत्रावरून येतो आणि पुरुषांकडे ते एकच असतं. अशा माणसाला शेवाळी आणि विटकरीत बघण्यासारखं एवढंच उरतं, की गडद कोण आणि फिकं कोण. आम्ही दोघी रंगात अडकलो होतो. गडदपणाला हे दोन्ही रंग जुळे भाऊ आहेत, हे काकांच्या डोळ्यांना आधी दिसलं.

आता हे हातभर अंतरावरून का चालतं आणि लांबून का बिघडतं? आपली नजर बारीक कडा ओळखते ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. नुसत्या रंगाचा फरक जवळून कळतो, लांब गेलं की विरतो. त्यात फोटो मोबाइलवर एकमेकांना पाठवताना त्याचा आकार लहान केला जातो. तेव्हा रंगाची बारकाई आधी कापतात, उजेड-अंधाराची बरीचशी तशीच ठेवतात. म्हणजे साडी-ब्लाऊज फक्त रंगाने वेगळे असतील, तर तेवढा फरकही वाटेत पातळ होतो.

आधी तपासा, मग शिवायला टाका

पीस घेण्याआधी साडीची घडी उलगडून तो तिच्यावर टाका. नुसत्या घडीवर नको. नेसल्यावर ब्लाऊजच्या शेजारी साडीचा जो भाग येतो, म्हणजे पदराची खांद्यावरची बाजू, तिथे ठेवा. दुकानाच्या दारात येऊन उजेडात फोटो काढा, मग तो मोबाइलमध्ये एडिटला उघडून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा चटकपणा, अगदी तळाला न्या, फोटो काळा-पांढरा होईपर्यंत. तयार काळे-पांढरे फिल्टर वापरू नका. 'नोअर'सारखे फिल्टर काळ्या-पांढऱ्यातला फरक मुद्दाम वाढवून दाखवतात, मग जोडी नापास असूनही पास होते. अशा रंग काढलेल्या फोटोत पिसाची कड पटकन सापडली तर जोडी जमली. शोधावी लागली, तर लग्नाच्या हॉलमध्येही ती शोधावीच लागणार.

मोबाइल हाताशी नसला तर डोळे किलकिले करून बघा. चित्रकार हेच करतात. पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील धूसर होतो आणि गडद-फिक्याचे मोठे डाग तेवढे उरतात.

माझ्याकडे आणखी एक घरगुती उपाय आहे. अस्तराच्या गठ्ठ्यातल्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या राखाडी चिंध्या मी एका पट्टीवर ओळीने टाचून ठेवल्यात. पीस या पट्टीवर सरकवायचा आणि तो कुठल्या चिंधीत मिसळतो ते बघायचं. साडीचंही तसंच. दोघांत तीन चिंध्यांचं तरी अंतर हवं, हा माझा अनुभव. ही युक्ती मला सुचली असं मी बरीच वर्षं समजत होते. मग भाच्याने सांगितलं, की अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकला शिक्षकाने 20व्या शतकाच्या सुरुवातीलाच रंग मोजण्याची पद्धत बसवली होती. त्यात रंग कोणता, किती चटक आणि किती उजळ अशी तीन वेगळी मापं होती. उजळपणाची पट्टी काळ्याच्या 0पासून पांढऱ्याच्या 10पर्यंत. असू दे. माझी चिंध्यांची पट्टी दुकानात जास्त चालते.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती चटक रंगांत. चटक म्हणजे फिका नव्हे. राणी रंग डोळ्यांत घुसतो, म्हणून तो उजळ असेल असं वाटतं, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत तो चांगलाच गडद निघतो आणि मोरपंखीच्या शेजारी जाऊन बसतो. लाल-हिरवी जोडीही, कापडं दोन्ही गडद असतील तर, अशीच दगा देते. भाचा फोटोग्राफी करतो, त्याने मोबाइलच्या पडद्याचा हिशेब सांगितला. पांढऱ्याचा उजेड 100 धरला तर त्यात हिरव्याचा वाटा साधारण 72, तांबड्याचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. म्हणून शुद्ध पिवळा, म्हणजे हिरवा अधिक तांबडा, पांढऱ्याच्या जवळ पोचतो आणि शुद्ध निळा काळ्याच्या. हळदी साडीवर निळा ब्लाऊज कधी फसत नाही, त्याचं कारण हे.

मोतिया, लिंबू, पिस्ता, अबोली, श्रीखंडी, आकाशी एका टोकाला. आमसुली, वांगी, नेव्ही, बॉटल ग्रीन दुसऱ्या टोकाला. या दोन टोकांतून एकेक उचललं तर जोडी सहसा बिघडत नाही. भानगड मधल्या रंगांची: विटकरी, शेवाळी, राखाडी, धुवट निळा, मातकट गुलाबी. हल्ली यांचीच चलती आहे आणि माझ्याकडच्या तक्रारीही यांच्याच. मधल्या रंगाची साडी असेल तर ब्लाऊज एका टोकाचा घ्या. दोन्ही मधले घेतलेत तर नशिबावर हवाला.

ब्लाऊज शिवून झालाय, आता काय?

नवा शिवू नका. दोघांच्या मध्ये एक फिकी रेघ ओढली की पुष्कळदा काम होतं. गळ्याला आणि बाहीच्या कडेला मोतिया रंगाची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी, पाव इंचाची पायपिंग. काकूंच्या ब्लाऊजला मी तीच लावली. काकांना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी चश्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता ब्लाऊज सापडला."

ही युक्ती आपल्याकडच्या विणकरांनी फार आधी वापरून ठेवलीय. इरकल साडी घ्या. ती जिथली, ते इळकल गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, पण साडी आपल्या घराघरांतली. अंग गडद निळं किंवा काळं, पदर लाल, आणि त्या लालावर पांढरे पट्टे, कंगव्याच्या दातांसारखी नक्षी. आजीच्या इरकलचा फोटो मी एकदा असाच काळा-पांढरा करून बघितला. लाल पदर आणि गडद अंग जवळजवळ एक झाले. पांढरं मात्र तसंच लखलखीत. पदर लांबून ओळखू येतो तो त्या पांढऱ्यामुळे.

पायपिंग नको असेल तर मोत्यांचा सर चालतो, चिंचपेटी चालते. सोन्यावर फार विसंबू नका. सोनं आणि जर उजेड पडेल तेव्हा पांढरी, कोन बदलला की तपकिरी. एका फोटोत काठ लखलखतो, दुसऱ्यात मेलेला, तो याच कारणाने. गजऱ्याचं मात्र नाव काढावं लागेल. काळ्या केसांत पांढरा मोगरा, याहून स्वस्त उठाव बाजारात मिळत नाही. आणि रंगाची भानगडच नको असेल तर संक्रांतीची काळी चंद्रकळा आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने आठवा. एकही रंग नाही, तरी नव्या सुनेवरून नजर हलत नाही.

पिना लावून पदराच्या बारीक चुण्या घालण्यापेक्षा एखाद्या फोटोपुरता पदर मोकळा सोडून बघा. चुण्यांत साडीचं अंग, काठ आणि नक्षी एकमेकांत घुसळून सगळ्याचं एकच मध्यम मिश्रण होतं. बारीक चौकड्याचंही तसंच. काळी-पांढरी बारीक चौकट दुकानात किती ठसठशीत, आणि पंधरा फुटांवरून निव्वळ राखाडी! तेव्हा 'साडीत काळाही आहे, पांढराही आहे, कुठलाही ब्लाऊज चालेल' असं म्हणू नका. लांबून ती राखाडी साडी आहे, असं धरून ब्लाऊज निवडा. धूपछावमध्ये ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. ती साडी हलवून, दोन-तीन कोनांतून फोटो काढून तपासायची. एकाच फोटोवर भरवसा ठेवला की फसगत.

काळा ब्लाऊज मळकट दिसतो

"पीसच हलका दिला दुकानदाराने" ही तक्रार मीही एकदा भांडत घेऊन गेले होते. दुकानदाराने तोच तागा दारात आणून पांढऱ्या कागदावर पसरला. काळा कुळकुळीत. मी मुकाट्याने परत आले.

पॅरिसला गोबलँ नावाचा सरकारी गालिचे-पडद्यांचा कारखाना आहे. तिथे शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ 1824मध्ये रंगखात्याचे प्रमुख झाले. त्यांच्यापुढे हीच तक्रार आली, की काळा धागा निळ्याजवळ फिका पडतो. त्यांनी इतर ठिकाणचे काळे धागे आणून ताडून पाहिले. रंगात काही खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. या शेजाराच्या परिणामावर त्यांनी पुढे, 1839मध्ये, जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्यापुरता अर्थ एवढाच, की गडद निळ्या, गडद जांभळ्या साडीवर काळा ब्लाऊज घातलात तर काळ्याला काळेपण दाखवायला जागाच मिळत नाही. त्याला फिकं काही शेजारी द्या, नाहीतर काळ्याचा नाद सोडा.

उलटी तक्रार: "मी दोन तुकड्यांत कापल्यासारखी दिसते"

हे उपदेश ऐकून कुणी थेट काळ्या साडीवर पांढराशुभ्र ब्लाऊज शिवते आणि मग ही तक्रार येते. जिथे फरक सगळ्यात तीव्र, तिथे नजर आधी जाते. म्हणून फरक कुठे पडतोय ते बघायला हवं. कोपराच्या वर दंड जिथे सगळ्यात भरलेला, तिथेच पांढरी बाही संपवलीत तर अख्खा हॉल तुमचा दंड बघेल. बाही दोन इंच वर घ्या किंवा सरळ कोपराखाली न्या. पोटाचं तसंच. फिका ब्लाऊज आणि गडद साडी यांची आडवी रेघ कमरेच्या वर ठसठशीत पडते. ती नको असेल तर पदर त्या रेघेवरून तिरका उतरेल असा घ्या.

पुरुषांचा पांढरा शर्ट आणि काळी पँट हा याच दुखण्याचा प्रकार. उंच माणसाला चालून जातो, बुटक्याचे दोन डबे होतात. वरून उघडं गडद जॅकेट घातलं की शर्टाची उभीच पट्टी तेवढी दिसते आणि आडवी रेघ मोडते. यापेक्षा जास्त पुरुषांच्या कपड्यातलं मला कळत नाही.

याच ओघात एक सांगून टाकते, कारण रोज कानांवर पडतं: "सावळ्या रंगाला फिके रंग शोभत नाहीत." हे कुणी ठरवलं देव जाणे. सावळ्या अंगावर मोतिया किंवा लिंबू रंगाची बाही किती स्वच्छ उठते, ते एकदा काचेसमोर धरून बघा. गोऱ्या अंगावर तोच मोतिया कातडीत मिसळून जातो आणि बाही आहे की नाही कळत नाही. तिथे गडद काठ लावावा लागतो. आणि साठीनंतर ज्या म्हणतात "पूर्वी हा रंग मला किती छान दिसायचा", त्यांनी रंगाला दोष देऊ नये. केस पिकले. चेहऱ्याभोवतीची काळी महिरप गेली, म्हणून जुनी फिकट साडी आता चेहऱ्यासकट फिकट वाटते. गळ्याजवळ एक गडद पट्टी आणा, फरक पडतो.

अस्तर आणि परकर

फिक्या ब्लाऊजचा फिकेपणा अर्धा अस्तरात असतो, आणि नेमकं तिथेच लोक पैसे वाचवतात. मोतिया कापडाला पांढरंफेक अस्तर लावलं, तर आत शिलाईत सोडलेलं मार्जिन बाहेरून पट्ट्यासारखं दिसतं. अंगाच्या रंगाच्या जवळचं अस्तर लावलं की तो पट्टा बुजतो. आणि अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावं. हे शंभर वेळा सांगून झालंय, तरी सांगते.

ऑर्गंझा, टिश्यू, नेट अशा पारदर्शक साड्यांत साडीचा गडदपणा खरं म्हणजे परकर ठरवतो. पिस्ता ऑर्गंझाखाली घरात होता म्हणून बॉटल ग्रीन परकर घातला, की साडी खाली गडद आणि पदराकडे फिकी, असे दोन भाग पडतात. ब्लाऊज नेमका कुणाशी जुळवायचा? अशा साडीची काळी-पांढरी तपासणी परकर खाली धरूनच करा.

संध्याकाळी रंग पालटतो

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जमलेली जोडी उन्हात बिघडू शकते, म्हणून तर दारात या म्हटलं. पण उजेड फारच कमी असेल तेव्हा आपले डोळेच वेगळे वागतात. अंधुक उजेडात लाल काळपट होत जातो आणि निळा-हिरवा त्यामानाने उजळ वाटतो. 19व्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, त्याचं नावच त्याला पडलंय. कोजागरीला गच्चीवरचे दिवे घालवून बघा. लाल साडीवाली वहिनी अंधारात विरते आणि आकाशीवाली दिसत राहते. अशा कार्यक्रमाला लाल-काळी जोडी नेसून जाणं म्हणजे नटण्याचे कष्ट वाया घालवणं.

फोटोचं म्हणाल तर गडद साडीने चौकट भरली की मोबाइल आपोआप उजेड वाढवतो. त्यात काळी साडी राखाडी होते आणि मोतिया ब्लाऊजवरचं भरतकाम पांढऱ्या डागात जातं. पडद्यावर ब्लाऊजच्या जागी बोट टेकवा आणि उजेड जरा खाली ओढा.

धुतल्यावर उठाव गेला

गडद आणि फिकं एकत्र शिवलं की हे दुखणं आज ना उद्या येतंच. शिवायच्या आधी पिसाचा कोपरा ओला करा आणि पांढऱ्या रुमालावर दाबून चोळा. रुमालाला रंग लागला तर त्या कापडाला फिकी पायपिंग लावू नका. लावायचीच तर ब्लाऊज ड्रायक्लीनला द्यायची तयारी ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं आमची आई म्हणायची. मी कितीदा करून पाहिलं. सुटणारा रंग सुटतोच, फक्त बादली खारट होते. घरी धुवायचं तर थंड पाणी, झटपट धुणं, पिळून गोळा करून न ठेवता लगेच सावलीत पसरणं. ओल्या गोळ्यात रंग जास्त चढतो.

काकूंच्या ब्लाऊजला मी ही रुमालाची तपासणी केली नव्हती. दुसऱ्याच धुण्यात मोतिया पायपिंग फिकट गुलाबी झाली. उसवून नवी लावली, पैसे अर्थातच घेतले नाहीत. ब्लाऊज न्यायला काकाच आले होते. मी माफी मागितली तर त्यांनी जुनी उसवलेली पट्टी हातात घेऊन उजेडात उलटसुलट करून बघितली.

"हिला काय झालं होतं?" म्हणाले. "आहे की पांढरी."